वाघ्याचा पासपोर्ट

मित्रांनो, ‘फॉरेन’ला जायचं म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर काय काय चर्चा होते ते तुम्हाला सांगायला नको. जीआरई, आयईएलटीएस, बँकेचं लोन, व्हिसाचा इंटरव्ह्यू, आणि शेवटी ‘चला, मेसच्या जेवणातून तरी सुटका!’ पण सोबत कुत्रा न्यायचा असेल तर काय करावं लागतं, हे आमच्या विंगमध्ये अजून कोणी विचारलेलं नाही. मला मात्र ते तोंडपाठ आहे. व्हायव्हाला आलं तर पैकीच्या पैकी मिळतील!

त्याला कारण आमचा वाघ्या. श्रीगोंद्यापासून पाच-सहा किलोमीटरवर आमचा मळा आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लिंबाच्या बागेत कोणीतरी सोडून दिलेलं हे पिल्लू जुईला, म्हणजे माझ्या पुतणीला, सापडलं. तेव्हा ती तीन वर्षांची होती. जात अर्थातच गावठी. एक कान उभा, एक पडका, रंग वाळलेल्या कडब्यासारखा. शाळा बंद, सोबतीला पोरं नाहीत, त्यामुळे जुईची बालवाडी वाघ्याबरोबरच झाली. तो तिच्याबरोबर अंगणात बसायचा आणि ती त्याला बाराखडी शिकवायची. त्याला ‘क’ पर्यंत येतं असं तिचं आजही म्हणणं आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये दादाला जर्मनीतल्या श्टुटगार्टमधून नोकरीची ऑफर आली. दादा पुण्यात एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर होता. ठरलं असं की दादानं मार्चमध्ये पुढं जायचं आणि वहिनी व जुईनं जूनमध्ये. घरात पेढे वाटले गेले. पेढा खाता खाता जुईनं विचारलं, “मग वाघ्या कुठल्या सीटवर बसणार?” सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तो येणार असेल तर आत्तापासून तयारीला लागावं लागेल.”

त्या रात्री आमच्या घरात जे वादळ झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण खरा प्रश्न तिथंच होता. अंदाजे खर्च दोन लाखांच्या वर जात होता. अप्पा म्हणाले, “गावठी कुत्र्यावर दोन लाख? २०१९ च्या दुष्काळात आपली जनावरं छावणीत होती. बैल काष्टीच्या बाजारात विकला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. पण विकलाच ना? कुत्र्याला घरचं माणूस म्हणायचं तर बैलानं काय घोडं मारलं होतं?” याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. मलाही अप्पांचं म्हणणं पटत होतं. दुष्काळ पाहिलेल्या शेतकऱ्यापुढं प्राणीप्रेमाचं लेक्चर द्यायला तोंड कुठून आणायचं? दादाचंही मत पडलं की वाघ्या इथंच मोकळा, सुखात राहील.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “अप्पा, बैल विकायची वेळ तुमच्यावर आली होती. माझ्यावर ती वेळ अजून आलेली नाही. लग्नाआधीच्या नोकरीतले माझे पैसे आहेत, ते मी घालते. जुईला तिथली भाषा येत नाही, घरात दिवसभर ती आणि मी. वाघ्या असला तर तिला बोलायला कोणीतरी असेल.” अप्पा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे त्याचा अर्थ परवानगी असा होतो. आणि मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे घरातला ‘कॉम्प्युटरवाला’! वाघ्याचं सगळं खातं माझ्याकडे आलं.

मी आणि वहिनी नियम वाचायला बसलो. युरोपियन युनियनचे नियम वरवर सोपे आहेत. आधी कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप. मग रेबीजची लस. लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. तो युरोपनं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासायचा आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आययू आलं पाहिजे. आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय सीमा ओलांडायची नाही. ज्या देशांना युरोपनं रेबीजच्या बाबतीत आपल्या यादीत घेतलेलं नाही त्यांच्यासाठी हा नियम आहे, आणि भारत त्या यादीत नव्हता. शेवटी सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, जे दिल्यापासून सीमेवर पोचेपर्यंत फक्त १० दिवस चालतं.

आता बघा, ३० दिवस अधिक तीन महिने म्हणजे काहीही झालं तरी चार महिने. पैसे जास्त देऊन नाही, ओळख लावून नाही, ‘साहेब, जरा बघा की’ म्हणून तर अजिबात नाही! गेल्या वर्षी प्रोजेक्ट मॅनेजमेंटला आम्हाला सीपीएम शिकवलं तेव्हा मला हसू आलं. नेटवर्क डायग्राममधला सर्वांत लांब रस्ता, ज्यात एका दिवसाचीही उसंत नसते, तो क्रिटिकल पाथ. आमच्या घरात चार पासपोर्टांचं काम असतं तरी ते या मुदतीत बसलं असतं. क्रिटिकल पाथवर बसला होता वाघ्या, शेपटी हलवत!

त्यामुळे आम्ही तारखा उलट्या मोजल्या. जूनचा दुसरा आठवडा, त्याआधी प्रमाणपत्राचे दहा दिवस, त्याआधी तीन महिने, त्याआधी तीस दिवस, आणि काही चुकलंमाकलं तर हाताशी थोडे दिवस. उत्तर आलं, जानेवारीचा पहिला पंधरवडा. म्हणजे आत्ताच!

वाघ्याला दरवर्षी लस दिली जात होती. पण चिप बसवण्याआधीची लस युरोप धरत नाही. कारण साधं आहे. लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कशावरून करणार? चिप ही ओळख, आणि ओळख पटल्याशिवाय बाकी कशालाच अर्थ नाही. म्हणून ९ जानेवारी २०२३ ला त्याला पुण्याला नेलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, त्यावर १५ आकडी नंबर, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांचा. तिला बॅटरी नसते. वाचणारं यंत्र जवळ आणलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि नंबर सांगते. ईएनटीसीवाल्यांनी यावर एक सेमिनार सहज ठोकावा.

तिथं एक गंमत झाली, तेव्हा मात्र ती गंमत वाटली नाही. त्या दवाखान्यानं दिलेल्या कार्डावर लसीची तारीख ९ जानेवारी आणि चिपची १० जानेवारी अशी पडली होती. दोन्ही एकाच दिवशी झालं होतं, चिप आधी, लस नंतर. पण कागदाप्रमाणे लस आधी ठरत होती, म्हणजे ती बाद! गाडी चाकणच्या नाही, पण हडपसरच्या पुढं तरी गेलीच होती. वहिनींनी कार्ड पुन्हा वाचलं, गाडी वळवायला लावली, तारीख दुरुस्त करून त्यावर सही-शिक्का घेतला. तो एक आकडा तसाच राहिला असता तर आमचे चार महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते.

मला सुरुवातीला त्या तीन महिन्यांचा फार राग यायचा. रक्तात प्रतिपिंडं आहेत हे कळल्यावर आणखी कशाला थांबवायचं? मग कारण वाचलं. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यानंतर रोग लगेच दिसत नाही, आठवडे ते महिने शरीरात दबा धरून बसतो. लस देण्याच्या आधीच कुत्र्याला लागण झालेली असेल तर लस आणि तपासणी दोन्ही असूनही तो पुढं आजारी पडू शकतो. तीन महिने थांबलं की असा धोका बहुतेक उरत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ५९,००० माणसं त्यानं मरतात, बहुतेक आशिया आणि आफ्रिकेत, आणि त्यात मुलं फार. हे वाचल्यावर नियमाचा राग गेला. त्यांनी स्वतःच्या देशातून हा रोग घालवलाय, तो परत येऊ नये म्हणून दार लावून घेतलंय, इतकंच. आपल्याकडे मात्र शेजारच्या वस्तीवर पोराला कुत्रं चावलं तर आधी चुना लावतात. मित्रांनो, असं काही झालं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. एवढं जरी या लेखातून लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आजीला हे सगळं ऐकून फार नवल वाटलं नाही. तिचं माहेर आष्टी तालुक्यातलं, बीड जिल्हा. आज आपण श्रीगोंद्याहून आष्टीला एसटीनं जातो तेव्हा जिल्हा कधी बदलला तेही कळत नाही. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाचं नाणं वेगळं, कारभार वेगळा, आणि हद्दीवर करोडगिरीचे नाके. करोडगिरी म्हणजे त्यांचं कस्टम खातं. माल उघडून दाखवायचा, कर भरायचा, मग पुढं. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. आईबरोबर इकडं मामाच्या गावाला यायची, तर सोबत एक शेळी असायची, पोरांच्या दुधासाठी. आजी सांगते, “नाक्यावरचा बाबा शेळीकडं बघायचा, मंग आमच्याकडं बघायचा. आई म्हनायची, इकायला न्हाई, घरची हाय. त्यो इचारायचा, घरची कशावरनं? मंग मी तिला हाक मारायची आन ती माझ्याकडं यायची. जा म्हनायचा.”

मी ते ऐकून थक्क झालो. युरोपचे नियमही नेमका हाच प्रश्न विचारतात! जनावर विकायला आणलंय की घरचं आहे? घरचं असेल तर मालकाच्या सहीचं लेखी निवेदन लागतं, आणि मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवसांच्या आत जनावरानं प्रवास केला पाहिजे. पाचपेक्षा जास्त जनावरं असतील तर एरवी तुम्हाला व्यापारीच समजतात. आजीच्या शेळीला हाक पुरली, वाघ्याला पंधरा आकडे लागले, एवढाच काय तो फरक.

१३ फेब्रुवारीला रक्त घेतलं. त्यातलं सीरम वेगळं करून, बर्फाच्या पाकिटात, युरोपातल्या प्रयोगशाळेकडे गेलं. वाघ्याच्या आधी त्याचं रक्त परदेशी गेलं! मग सुरू झाली वाट पाहणं. रिझल्टची वाट पाहणं आपल्याला नवीन नाही, पण इथं रिव्हॅल्युएशन नव्हतं. ०.५ च्या खाली आलं की पुन्हा लस, पुन्हा थांबणं, म्हणजे जून हुकलाच. रोज संध्याकाळी जुईचा मला फोन, “काका, वाघ्या पास झाला का?” मार्चच्या मध्यावर मेल आला. ४ च्या वर! मी हॉस्टेलच्या जिन्यात ओरडलो तर खालच्या मजल्यावरच्या पोरांना वाटलं एम-थ्री निघाला. घरी आजीनं विचारलं, “काय निघालं रं रक्तात?” मी म्हणालो, “जेवढं लागतं त्याच्या आठपट.” ती म्हणाली, “असनारच. मळ्यातलं कुत्रं हाय.”

माणसांचे कागद मात्र वाघ्याइतके सरळ निघाले नाहीत. जुईच्या जन्मदाखल्यावर तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं. एका कार्यालयात ते दुरुस्त करायला वहिनींनी चार चकरा मारल्या. लग्नाचा दाखला मराठीत, त्याचं जर्मन भाषांतर. वाघ्याच्या फॉर्ममध्ये एकच रकाना अडला, ‘ब्रीड’. आपल्या पशुवैद्यकीय कागदांत गावठी जनावराला इंग्रजीत जो शब्द वापरतात त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘वर्णन करता न येणारा’. वहिनी म्हणाल्या, “हे लिहायचं नाही. त्याचं वर्णन मला करता येतं.” शेवटी ‘मिश्र जात’ असं लिहिलं. एक बरं झालं, जर्मनीत पिट बुलसारख्या काही जातींना आणायलाच बंदी आहे. गावठी असणं इथं कामाला आलं!

आता पेटीची गोष्ट. १९ किलोचा कुत्रा केबिनमध्ये घेत नाहीत. तो विमानाच्या पोटात, हवेचा दाब आणि तापमान राखलेल्या भागात जातो, आणि त्यासाठी पेटी आयाटाच्या नियमाप्रमाणे हवी. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवला की पेटीची लांबी. खांद्याची रुंदी दुप्पट केली की पेटीची रुंदी. उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंतची उंची ती पेटीची उंची. वाघ्या नाकापासून ७८ सेंटीमीटर, कोपर ३०, म्हणजे आतून किमान ९३ सेंटीमीटर लांबी. उंची मोजताना प्रश्न पडला, उभा कान धरायचा की पडका? उभा धरला.

मी वर्कशॉपच्या जर्नलसारखं तिन्ही बाजूंचं ड्रॉइंग काढलं आणि सुताराकडं न्यायला निघालो. अप्पांनी ते हातातून घेतलं, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “सुतार कशाला?” चार रविवार ते गोठ्याशेजारी बसून पेटी करत होते. प्लायवूड, सागाच्या पट्ट्या, चारही बाजूंना हवेची भोकं, बाहेरून भरता येईल असं पाण्याचं भांडं. आतली प्रत्येक कड त्यांनी पॉलिशपेपरनं घासली. मी म्हणालो, “अप्पा, एवढं कशाला घासताय?” ते म्हणाले, “अंधारात असणार तो. काही टोचलं तर सांगणार कुणाला?” त्यांनी पुन्हा कधी बैलाचं नाव काढलं नाही, आणि मीही नाही.

बाहेरून पेटी भरली १०० बाय ६० बाय ७५ सेंटीमीटर. विमानाच्या कार्गोत वजन किंवा आकारमान, जे जास्त ते धरतात. घन सेंटीमीटरला ६,००० नं भागायचं. उत्तर ७५ किलो! म्हणजे १९ किलोच्या वाघ्याचं भाडं ७५ किलोंचं. बाकीचे ५६ किलो म्हणजे अप्पांची पेटी आणि आतली हवा. पेटी आणल्या दिवसापासून त्याचं जेवण आतच ठेवलं. पहिले दोन दिवस तो उपाशी राहिला, तिसऱ्या दिवशी जुई आधी आत जाऊन बसली, मग तो गेला. महिन्याभरात दुपारची झोप तिथंच. झोपेचं औषध देऊन पाठवतात असं लोक सांगतात, पण तसं करू नये. वर श्वासाला आणि तोल सांभाळायला त्रास होतो. सवय हेच खरं औषध.

प्रत्येक देशाचं दार वेगळं, हेही कळलं. ब्रिटनमध्ये २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. जपानसाठी रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले, सहा महिन्यांखालचं पिल्लू चालत नाही आणि आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्यांना जादा अटी. आणि कधी कधी दार वाकतंही. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’नं आपले विद्यार्थी परत आणले तेव्हा काहींनी आपली कुत्री-मांजरं सोडून यायला नकार दिला. आपल्या सरकारनं तेव्हा एकवेळची सवलत देऊन ती आणू दिली. आपल्याच वयाची पोरं होती ती, बॉम्ब पडत असताना हातात पिंजरा घेऊन उभी. त्यांच्याकडे उलट्या तारखा मोजायला चार महिने नव्हते.

जूनमध्ये शेवटचे दहा दिवस सुरू झाले. मुंबईला प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेच्या, म्हणजे एक्यूसीएसच्या, अधिकाऱ्यांनी वाघ्याला तपासलं, चिप वाचली, कागद ताडून पाहिले आणि प्रमाणपत्र दिलं, इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत. वाघ्याची जर्मन आमच्या सगळ्यांच्या आधी सुरू झाली!

निघायच्या दिवशी गाडी काष्टीमार्गे दौंडकडं निघायची होती. आजी ओट्यावर बसली होती. तिनं वहिनींना विचारलं, “याच्या कागदावर मालक म्हनून कुनाचं नाव हाय?” वहिनी म्हणाल्या, “माझं, आजी.” आजी म्हणाली, “बरं झालं. कागदावर ज्याचं नाव, त्यानं त्याला टाकायचं न्हाई.” वहिनी वाकल्या, तिच्या पाया पडल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

वाघ्या पोचला. फ्रँकफर्टला पेटीतून बाहेर आल्यावर त्यानं आधी जुईला ओळखलं आणि मग समोरच्या खांबाला! आता तो तिथल्या नगरपालिकेचा करदाता आहे, कारण जर्मनीत कुत्रा पाळायचा तर कर भरावा लागतो. अप्पांना याचं फार कौतुक. “आपल्या घरातला पहिला टॅक्स भरणारा,” असं ते काष्टीच्या बाजारात सांगतात. जुई आता जर्मन बोलते, पण वाघ्याशी मराठीतच. त्याला दुसरी येत नाही असं तिचं म्हणणं.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी जाणार आहेत, पुण्याला, बंगळूरला, त्याही पलीकडं. तयारीच्या याद्या आपण करूच, त्या करायलाच हव्यात, आणि तारखा उलट्या मोजायची युक्ती तर कुठल्याही सबमिशनलासुद्धा चालते. पण वाघ्याचे महिने मोजताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्या सगळ्या फायलीत दादा होता, वहिनी, जुई, वाघ्या, अगदी अप्पांची पेटीसुद्धा मापांसकट होती. आजीचं नाव कुठल्याच फॉर्मवर नव्हतं, कारण ती कुठंच जाणार नव्हती. मागं राहणाऱ्यांसाठी फॉर्म नसतो. म्हणून गेली अडीच वर्षं माझ्या वेळापत्रकात एक ओळ मी स्वतःच घातली आहे. शनिवारची शेवटची एसटी, श्रीगोंदा. परीक्षा असो, सबमिशन असो, त्या ओळीला उसंत नाही. पुढच्या शनिवारी कोणाला यायचं असेल तर या, लिंबाचं सरबत नक्की मिळेल!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी